जिंकणारीचं पूर्ण नाव

पिरोश्काबाईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला झापल्यामुळे. आयटीवाल्यांसाठी जर्मनीने ग्रीन कार्ड काढलं, त्या लाटेत आम्ही वाल्डॉर्फला येऊन पडलो होतो. नवरा आणि मी एकाच सॉफ्टवेअर कंपनीत, जुई सात वर्षांची. शाळेत तिला अजून कोणी खेळायला घेत नव्हतं, म्हणून शेजारच्या गावातल्या टेनिस क्लबात, म्हणजे इथल्या भाषेत फेराइनमध्ये, मी तिचं नाव घातलं. पहिल्या शनिवारी तिला लाल मातीच्या कोर्टवर सोडलं आणि मी बाकावर बसले. मांडीवर तिचा स्वेटर, हातात पाण्याची बाटली, पिशवीत डबा. पाच मिनिटांत एक उंच, सडसडीत, पिकल्या केसांच्या बाई तरातरा माझ्याकडे आल्या.

"तुम्ही कोण?"

"जुईची आई."

"ते दिसतंय मला. नाव काय?"

"फ्राऊ देशमुख."

"ते नवऱ्याचं असणार. मी तुमचं विचारलं."

"ऋतुजा," मी म्हटलं.

"आल्झो, बरं तर, ऋतुजा. बाकावर बसून सर्दी होते. उठा आणि चेंडू गोळा करा."

मी उठले. त्याला पाच वर्षं झाली, अजून चेंडू गोळा करते आहे. त्या पहिल्या भेटीत मी त्यांना एका प्रश्नाचं चुकीचं उत्तर दिलं होतं, हे मात्र मला फार उशिरा उमगलं. त्याबद्दल शेवटी सांगेन.

पिरोश्काबाईंना या उन्हाळ्यात साठ वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त क्लबाने जर्मनमध्ये एक स्मरणिका काढली आणि पालकांच्या वतीने मी लिहावं असं ठरलं. मी रजा टाकून, शब्दकोश घेऊन चार पानं लिहिली. छापून आलं सव्वा पान. कापताना कात्री नेमकी तिथेच चालली, जे सांगण्यासाठी मी लिहायला बसले होते. 'आनंदाच्या प्रसंगी वादाचा मजकूर शोभत नाही,' असं क्लबाचे चिटणीस हेर (म्हणजे श्रीयुत) रीगर यांनी मला अत्यंत नम्र भाषेत कळवलं. पुढे आपल्या इथल्या मराठी मंडळाने बाईंच्या गौरवासाठी स्वतंत्र अंक काढायचा ठरवला, कारण आपल्यातल्या निम्म्याअधिक घरांतली मुलं त्यांच्या हाताखाली शिकली आहेत. संपादकांना मी एकच अट घातली, एक ओळही कापायची नाही. गौरवलेखात लेखकाने रागवू नये, हा संकेत मला ठाऊक आहे. तो मी पाळणार नाही, आणि त्याबद्दल माफीही मागणार नाही.

ज्यांच्या घरातलं कोणी टेनिस खेळत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. बाईंचं नाव बोडोर पिरोश्का. त्या मूळच्या हंगेरीच्या. तिकडे आडनाव आधी लिहितात, म्हणून बोडोर आधी. तरुणपणी त्या तिथल्या राष्ट्रीय संघातून खेळल्या, पुढे जर्मनीत आल्या आणि इथल्या क्लबांकडून पगारी खेळाडू म्हणून खेळल्या. गुडघ्याने साथ सोडली तेव्हा शिकवायला लागल्या. गेली वीसेक वर्षं त्या आमच्या या छोट्या क्लबात आहेत. चार कोर्ट, एक लाकडी खोली, पाण्याचा एक नळ आणि पिरोश्काबाई, एवढाच आमचा क्लब होता. यंदा खोलीच्या शेजारी नवी इमारत उभी राहिली आहे, तिचाही या हकीकतीशी संबंध येणार आहे.

त्यांच्या शिकवण्याबद्दल लिहायचं तर आधी त्यांच्या कडकपणाबद्दल लिहायला हवं. पहिले तीन आठवडे मुलाला चेंडू मारायला मिळत नाही. नुसतं पळायचं, थांबायचं, वळायचं. "हात सगळ्यांनाच असतात, पाय कमवावे लागतात," असं त्या म्हणतात. जुई तेव्हा दर वेळी रडत घरी यायची. तिचे पांढरे मोजे विटकरी झाले ते कायमचे. चौथ्या आठवड्यात तिने पहिला चेंडू मारला, तो जाळीवरून पलीकडे जाऊन रेषेच्या आत पडला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. बाई मात्र जुईकडे बघून एकदाच मान हलवून पुढे गेल्या. त्या दिवशी पोरगी गाडीत बसल्यापासून घरी पोचेपर्यंत बोलत होती, तेही जर्मनमध्ये, जी भाषा तोवर तिच्या तोंडून बाहेर पडत नव्हती.

त्यांचा एक नियम आहे, त्यावर या लेखातलं सगळं उभं आहे. सामना संपला की जिंकणाऱ्याने कोर्ट झाडायचं. लाल मातीचं कोर्ट खेळून झाल्यावर सारखं करावं लागतं. एक रुंद, जड चटईसारखी जाळी दोरीने ओढत कोर्टभर फिरायचं आणि पायांचे ठसे पुसायचे. सगळीकडे हे काम दोघांनी मिळून करतात, बाईंकडे ते एकट्या जिंकणाऱ्याचं. आणि हरणाऱ्याने काय करायचं? त्याने वही उघडायची. खोलीतल्या कपाटात जाड पुठ्ठ्याची एक वही दोरीला पेन्सिल बांधून ठेवलेली असते. हरणाऱ्याने त्यात गुण लिहायचे आणि शेजारी जिंकणाऱ्याचं पूर्ण नाव लिहायचं. टोपणनाव चालत नाही आणि आद्याक्षरंही चालत नाहीत. आठ वर्षांच्या मुलांना यात केवढा त्रास होतो! बाउमगेर्टनर नावाच्या पोराकडून जुई सारखी हरायची, त्यामुळे शाळेत शिकवण्याआधीच तिला ते लांबलचक आडनाव लिहिता यायला लागलं.

पहिल्या वर्षी जुई क्वचितच जिंकली. ती जिंकली अशा एका दिवशी हरलेल्या मुलाने वहीत तिच्या नावाच्या जागी 'ती भारतीय मुलगी' असं लिहिलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला नाव माहीत नव्हतं इतकंच. बाईंनी वही पाहिली आणि चारही कोर्टांवरचा खेळ थांबवला. सगळ्या मुलांना जाळीपाशी गोळा केलं. त्या मुलाला ओरडल्या नाहीत. "तुला जिने हरवलं तिचं नाव तुला माहीत नाही? मग तू कोणाशी खेळत होतास?" एवढंच म्हणाल्या. मुलगा जुईपाशी आला, तिने नाव सांगितलं, त्याने दोनदा विचारून घेतलं आणि लिहिलं. क्लबातल्या मोठ्या माणसांत मात्र जुई पुढे वर्षभर 'आमची छोटी भारतीय' होती. मोठ्यांना कोणी जाळीपाशी उभं करत नाही, हेच खरं दुखणं आहे.

त्या नुसत्या कडक असत्या तर आम्ही त्यांना मानलं असतं, त्यांच्यावर जीव लावला नसता. दोन वर्षांपूर्वी माझं पोटाचं ऑपरेशन अचानक करावं लागलं. नवरा कंपनीच्या कामासाठी वोल्फ्सबुर्गला अडकलेला, सासूबाईंचा व्हिसा झालेला नव्हता. बाई हॉस्पिटलात आल्या, माझ्या उशीखालची घराची किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "मी विचारायला आलेली नाही, सांगायला आले आहे. मुलगी माझ्याकडे राहील." बारा दिवस जुई त्यांच्याकडे राहिली. आमच्याकडे मांस खात नाहीत हे तिने सांगितलं तेव्हा बाईंनी त्यांच्याकडचं एकही पातेलं वापरलं नाही, दुकानातून नवं आणलं आणि त्यात रोज लाल मिरचीची पूड घातलेला बटाट्याचा रस्सा केला. पुढे सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी ही हकीकत ऐकून पदर खोचला. "अगं, सांग तिला, माझ्या नातीला जेवू घातलंस, आता माझ्या हातचं जेवायचं." पुरणपोळ्या झाल्या. बाईंनी चार खाल्ल्या आणि पाचवीवर घालायला लाल मिरची मागितली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण दिली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर बाईंच्या कारकिर्दीची नोंद असलेला एक मानफलक लावायचा, असं क्लबाने ठरवलं. कल्पना चांगलीच होती. मजकूर तयार करण्याचं काम हेर रीगर यांच्याकडे गेलं. ते निवृत्त अधिकारी आहेत, शिस्तीचे, कागदाला कागद लावणारे. त्यांनी इंटरनेटवर शोधलं, हंगेरीतल्या बाईंच्या गावच्या क्रीडामंडळाला पत्रही लिहिलं. आणि एका शनिवारी मजकूर आणून आम्हा पालकांना दाखवला. कुमारी गटात एक राष्ट्रीय विजेतेपद, आणि पुढे 'विवाहानंतर स्पर्धात्मक खेळातून निवृत्त'. झालं. चाळीस वर्षं ज्या बाई रॅकेट हातात घेऊन जगल्या, त्यांची कारकीर्द दीड ओळीत आटपली होती.

बाई जवळच उभ्या होत्या. त्यांनी चष्मा लावून मजकूर वाचला, कागद घडी करून परत दिला आणि "ठीक आहे" म्हणाल्या. नंतर त्या गाडीत जाऊन बसल्या. पंधरा मिनिटं गाडी सुरू झाली नाही. मी काचेवर टकटक केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी बघण्याची ती माझी पहिलीच वेळ. "निवृत्त!" त्या म्हणाल्या. "मी तर लग्नानंतरच खेळले."

मग जे कळलं ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हंगेरीत जुनी रीत अशी, की लग्न झालं की बाईचं नाव कागदावरून पूर्ण जायचं. आडनावच नव्हे, स्वतःचं नावही. नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव आणि ही त्याची बायको आहे असं सांगणारं एक अक्षर, एवढंच तिचं नाव. बाईंचं लग्न एकोणिसाव्या वर्षी फेहेर लास्लो नावाच्या गृहस्थांशी झालं. ते टेनिस संघटनेतच काम करायचे, स्वतः कधी नावाजण्यासारखे खेळले नाहीत. बाई लग्नानंतर दोनदा राष्ट्रीय विजेत्या झाल्या, देशाबाहेर जाऊन खेळल्या, जिंकल्या. आणि प्रत्येक वेळी कागदावर विजेती म्हणून नाव लागलं ते 'फेहेर लास्लो यांची पत्नी' हेच. पुढे घटस्फोट झाला. बाई जर्मनीत आल्या आणि त्यांनी आपलं पहिलं नाव परत घेतलं. इथल्या क्लबांकडून खेळल्या ते सांघिक सामने, तिथे कागदावर क्लबाचं नाव लागतं. म्हणजे बोडोर पिरोश्का नावाच्या खात्यावर उरलं एक कुमारी विजेतेपद.

इथवर मी नुसती चिडले होते. पण लास्लोसाहेबांनी पुढे दुसरं लग्न केलं. तिकडच्या रीतीने त्या दुसऱ्या बाईंचं नाव काय झालं? फेहेर लास्लो यांची पत्नी. तेच नाव, अक्षरन् अक्षर तेच.

हेर रीगर यांच्या पत्राला गावच्या क्रीडामंडळाचं उत्तर आलं होतं, ते त्यांनी मला दाखवलं. सोबत मंडळाची एक पुस्तिका होती. तिच्यात एका गोंडस, गुबगुबीत आजींचा फोटो, हातात फुलांचा गुच्छ. खाली लिहिलेलं, दोन वेळच्या राष्ट्रीय विजेत्या. उत्तरात कळवलं होतं की आमच्या माजी विजेत्या इथेच सुखरूप आहेत आणि आम्ही नुकताच त्यांचा सत्कार केला.

"बघा," हेर रीगर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मी कोणावर आरोप करत नाही. वय झालं की आठवणी थोड्या वाढतात. पण विजेत्या बाई तिकडे आहेत."

मी त्यांना काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही, शिवाय त्यातलं निम्मं मराठीत होतं. फोटो घेऊन मी बाईंकडे गेले. मला वाटलं, आता तरी त्या भडकतील. त्या खळखळून हसल्या.

"इलोना! काय छान जाड झाली आहे. तिने आयुष्यात रॅकेट धरलेली नाही. खसखशीचा केक मात्र तिच्यासारखा कोणी करत नाही."

"आणि तुमचे कप तिच्या नावावर आहेत, त्याचं काय?"

"तिच्या कुठे? लास्लोच्या. आधीही त्याच्याच होते."

"बाई, तुम्हाला राग येत नाही?"

"चाळीस वर्षं रोज राग करून मी सकाळी सातला कोर्टवर उभी राहिले असते का, ऋतुजा? फलक म्हणजे नुसती लाकडाची फळी. लावू दे त्यांना."

त्यांनी सोडून दिलं. मला सोडून देता येईना. मी माणसं गाठली, पत्रं लिहिली. हंगेरीच्या टेनिस संघटनेकडून आलेलं उत्तर असं, की जुन्या नोंदी जशा आहेत तशा आहेत. हेर रीगर यांनी त्यांचा आवडता शब्द काढला, नाखवाइस. म्हणजे पुरावा, शिक्क्याचा. मी म्हटलं, लग्नाचा आणि घटस्फोटाचा दाखला आणते. ते म्हणाले, त्याने लग्न आणि घटस्फोट सिद्ध होईल, सामना कोण खेळलं ते नाही. कारण ते नाव धारण करणाऱ्या स्त्रिया दोन आहेत. आणि यात सगळ्यात संताप आणणारी गोष्ट ही, की त्यांच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती.

एका रविवारी पालकांचे सामने होते. मी नेहमीप्रमाणे हरले. फ्राऊ बाउमगेर्टनर जाळी ओढत कोर्ट झाडायला लागल्या, मी खोलीत जाऊन वही उघडली, गुण लिहिले आणि त्यांचं पूर्ण नाव लिहायला लागले. नाव अर्ध्यावर आलं आणि पेन्सिल थांबली. कोण जिंकलं हे या क्लबात कोण लिहितं? हरणारा. मग त्या दोन राष्ट्रीय स्पर्धांच्या शेवटच्या सामन्यांत कोण हरलं होतं?

बाईंना विचारलं तर सहज म्हणाल्या, "दुसऱ्या वेळी मार्गित. ती पण इकडेच आहे, रेगेन्सबर्गला. नाताळला कार्ड पाठवते." पत्ता मी काही कारण सांगून मिळवला. पुढच्या शनिवारी कपाटातली वही पिशवीत घातली, घरी नवऱ्याला सांगितलं की आज चेंडू तू गोळा कर, आणि गाड्या बदलत बदलत रेगेन्सबर्ग गाठलं.

मार्गितबाई काठी टेकत दार उघडायला आल्या. मुलगा तिथल्या मोटारींच्या कारखान्यात आहे, त्याच्या शेजारीच राहतात. कॉफी होईपर्यंत मी सगळी हकीकत सांगितली. इलोनाबाईंचा फोटो दाखवला तशा त्या खुर्चीतून उठल्याच.

"हिने? हिने मला हरवलं म्हणतात?"

"कागदावर तसंच आहे."

"अस्सं! म्हणजे इतकी वर्षं माझ्या गावची माणसं समजतात, की मी या केकवाल्या बाईकडून हरले! अहो, मी देशात दुसरी होते. मला हरवायची ताकद एकीतच होती." त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "मी कोणाच्या बायकोकडून हरले नाही. मी बोडोर पिरोश्काकडून हरले. उजव्या कोपऱ्यात मारते असं दाखवायची आणि डावीकडे मारायची, मेली. शेवटपर्यंत मला कळलं नाही."

एखाद्या माणसाला आपल्या पराभवासाठी इतकं भांडताना मी पाहिलं नव्हतं. मी वही पुढे केली, नियम सांगितला. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल नको म्हणाल्या, शाईचं पेन आणलं. गुण आठवायला क्षणभरही लागला नाही. सहा-चार, तीन-सहा, नऊ-सात. आणि शेजारच्या रकान्यात, आमच्या मुलांच्या वेड्यावाकड्या अक्षरांच्या खाली, घोटीव अक्षरात जिंकणारीचं पूर्ण नाव लिहिलं. खाली सही केली, 'हरलेली, मार्गित'.

सोमवारी मी ते पान हेर रीगर यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. "हृदयस्पर्शी आहे," ते म्हणाले. "परंतु ही मुलांची वही आहे. नाखवाइस म्हणून घेता येणार नाही." फलक ठरल्याप्रमाणे रंगून आला आणि ठरल्याप्रमाणे लागला. आजही तो दर्शनी भिंतीवर आहे, चांगल्या ओकच्या लाकडाचा, सोनेरी अक्षरांत खोटं लिहिलेला. माझ्या जर्मन लेखातून कापली गेली ती हीच हकीकत. तेव्हा मंडळींनो, बोडोर पिरोश्का दोन वेळा राष्ट्रीय विजेत्या होत्या हे त्यांच्या स्वतःच्या नावानिशी जगात छापलं जात असेल, तर माझ्या माहितीप्रमाणे ते या पानावर, मराठीत, पहिल्यांदा छापलं जात आहे. याची लाज आपल्याला वाटायचं कारण नाही. ज्यांना वाटायला हवी त्यांना मराठी येत नाही.

वही मी गुपचूप कपाटात परत ठेवली होती. पुढच्या शनिवारी एक मुलगा हरला, गुण लिहायला गेला आणि ओरडला, "फ्राऊ बोडोर, इथे कोणीतरी शाईने लिहिलंय!" बाई आत गेल्या. मी दारात उभी होते. त्यांनी ती ओळ बोट फिरवत वाचली. बराच वेळ त्यांचं बोट शेवटच्या आकड्यावर थांबलं होतं.

"नऊ-सात," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे."

मग त्यांनी वही मिटली, बाहेर आल्या आणि भिंतीला टेकवलेली जाळी उचलली. मुलं अजून खेळत होती त्यांना त्यांनी कोर्टबाहेर काढलं. "हरणारीने लिहिलं," त्या म्हणाल्या, "आता कोर्ट कोणी झाडायचं?" आणि साठीच्या त्या बाई, दुखरा गुडघा ओढत, एक फेरी, दुसरी फेरी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळं कोर्ट एकट्याच झाडून आल्या. मुलं कडेला उभी राहून बघत होती. मी रडत होते, आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही.

जाळी ठेवून त्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या. त्यांना बाकावर बसलेलं मी प्रथमच पाहिलं.

"एक सांग, ऋतुजा. नाव गेलं माझं, एवढी चिडलीस तू. का?"

तोवर मी स्वतःलाही हे विचारलं नव्हतं. मी सांगत गेले तसं मलाच कळत गेलं. माझं लग्न झालं त्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने नवऱ्याने एक नाव लिहिलं, ऋतुजा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला नाव आवडलं का असं विचारलं, मी लाजून हो म्हटलं. त्याआधी चोवीस वर्षं मी शैलजा घोरपडे होते. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पदवी शैलजा घोरपडेची. जिल्ह्याच्या खो-खो संघातून खेळली, मांडी सोलून निघेपर्यंत खेळली, राज्य स्पर्धेत ढाल घेऊन आली ती शैलजा घोरपडे. इथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत पदवी आणि पासपोर्ट समोर ठेवून तिथल्या बाईंनी मला विचारलं होतं, "आणि या घोरपडेबाई सध्या कुठे असतात?" मी ते हसण्यावारी नेलं होतं. घरी येऊन गंमत म्हणून सांगितलंही होतं. नवरा भला माणूस आहे, सासूबाई मायेच्या आहेत, माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. टाळ्यांच्या गजरात सगळं आनंदाने झालं, आणि मीही टाळ्या वाजवल्या. हंगेरीतल्या रीतीवर तावातावाने बोलताना मला हे आठवलंसुद्धा नव्हतं.

बाई ऐकत होत्या. मला वाटलं, त्या माझ्या पाठीवरून हात फिरवतील. त्या संतापल्या.

"म्हणजे पहिल्या दिवशी तू मला खोटं नाव सांगितलंस! मी दोनदा विचारलं होतं. दोनदा!"

त्यांनी वही आणायला लावली, ते पान उघडलं, आणि मार्गितबाईंच्या ओळीच्या खाली मला माझा खो-खोचा शेवटचा सामना लिहायला लावला. मी म्हटलं, बाई, मी जिंकले होते, नियमाने हरणाऱ्याने लिहायचं असतं. त्या म्हणाल्या, तुझ्याकडून हरलेल्या मुली सांगली जिल्ह्यात कुठे गेल्या, त्यांची नावं आता काय आहेत, सापडतील का तुला? मी लिहिलं.

परमेश्वर पिरोश्काबाईंना उदंड आयुष्य देवो, त्यांचा गुडघा कुरकुरला तरी त्यांना थांबवू न शको, आणि तो फलक भिंतीवरून उतरवून पुन्हा रंगवला जाईल तो दिवस बघायला त्या ठणठणीत असोत. तोवर त्यांची नोंद त्या वहीत आहे, आणि आता इथे आहे. हल्ली शनिवारी मी अंमळ बाकावर टेकले की चारही कोर्ट ओलांडून त्यांची हाक येते, "शाइलाजा! चेंडू!" उच्चार काही जमत नाही. आजूबाजूचे पालक वळून बघतात, ही कोण नवीन. पण मी उठते, कारण इतक्या वर्षांनी कोणीतरी मला बोलावत असतं.

— शैलजा घोरपडे
(मंडळाच्या यादीत अजून : ऋतुजा देशमुख. कृपया दुरुस्ती करावी.)